माहेरची ज्वारी आणि दोन पात्यांचा बाण

"तुला डुक्कर मारता येईल का?" महानंदाने फोनवर विचारलं.

मी म्हणाले, "मी कागदाच्या गोलावर बाण मारते. तोही कधीकधी चुकतो."

"डुक्कर त्या गोलापेक्षा मोठं असतं. तू ये तर."

महानंदा माझी वसतिगृहातली सोबतीण. मराठीत एम.ए. आम्ही दोघींनी एकत्र केलं. लग्नानंतर ती परभणी जिल्ह्यात, पालम तालुक्यातल्या एका गावी गेली आणि शेती करू लागली. तिचा नवरा हैदराबादला बँकेत आहे. गावात ती आणि तिची सासू. मी पुण्यात शिकवते आणि गेली काही वर्षं शहराबाहेरच्या एका मैदानावर धनुष्य चालवते. का, ते मला नीट सांगता येत नाही. बाण सुटतो तेव्हा डोक्यातले सगळे शब्द थांबतात, एवढंच.

तिचं म्हणणं असं होतं. नदीपासून थोडं आत त्यांचं दोन एकरांचं एक शेत आहे. त्यात दरवर्षी एकच ज्वारी पेरतात. ती सासूबाईंनी लग्नात माहेराहून ओटीत आणली. घरात तिला दुसरं नाव नाही, नुसतं 'माहेरची' म्हणतात. तिचा हुरडा गोड आणि दाणा मोत्यासारखा. सासूबाईंच्या माहेरी आता सगळं सोयाबीन आहे. गेल्या साली कणगीतल्या बियाण्याला कीड लागली. जे वाचलं ते सगळं या दोन एकरांत पेरलं. आता त्यात रानडुकरं शिरत होती. शेत गेलं तर ती ज्वारीही गेली. दुसरीकडे कुठे एक दाणा नाही.

"आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग आहे. आमच्या हातून ते व्हायचं नाही," ती म्हणाली. "म्हणून तुला विचारायलेय."

"म्हणजे पाप माझ्या हाताने."

"तू कोंबडी खातेस की."

मी वेळ अमावस्येच्या सुमाराची तिकिटं काढली.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. रानडुक्कर शेतात आलं म्हणून कुणालाही मारता येत नाही. वनखात्याची लेखी परवानगी लागते. गावाने ती घेतली होती. पण तिच्यात एका परवानाधारक बंदूकवाल्याचं नाव होतं, आणि तो काही येत नव्हता. बाणाचा प्रश्न पालमला जाऊन विचारायचा होता. तोवर मी पाती निवडत बसले.

शिकारीच्या बाणाच्या टोकाला ब्रॉडहेड म्हणतात. मैदानावरचं टोक पेन्सिलीसारखं असतं. ते भोक पाडतं. ब्रॉडहेडला रुंद, धारेची पाती असतात. ते कापतं. आमच्या मैदानावरच्या एका जुन्या तिरंदाजाने मला तीन प्रकारची टोकं दिली. पहिल्याला दोन जाड, न हलणारी पाती, आकार भाल्याच्या फळासारखा. दुसऱ्याला तीन पाती, मिटलेल्या कळीसारखी. तिसऱ्याची पाती बाणाला चिकटून मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. हवेत ते सर्वांत सरळ जातं. मी ती टेबलावर मांडून ठेवली. संध्याकाळी दिवा लावला की तिन्हींवरचा उजेड वेगवेगळा दिसे. दोन पात्यांवर तो एका रेघेत थांबायचा. मिटलेल्या पात्यांवर तो सापडतच नसे. पेपर तपासताना माझी नजर तिकडे जाई.

तो तिरंदाज म्हणाला होता, "डुकराच्या खांद्यावर चिवट ढालीसारखा थर असतो. नराला जास्त. काळीज खाली आणि पुढे, पायाच्या मागे. माणसाला वाटतं तिथे ते नसतं. आणि पातं कुठलंही घे, बोथट असेल तर घरी बस."

रेल्वेत जाताना टोकं बाणांपासून वेगळी करून पत्र्याच्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवावीत. धनुष्य त्याच्या पेटीत. मला कुणी काही विचारलं नाही. समोरच्या बाईंनी फक्त "वाजवता का?" म्हणून विचारलं. मी हो म्हणाले.

परभणीला गाडी सकाळी पोचली. सगळीकडे धुकं. फलाटावरची माणसं गुडघ्यांपासून खाली नव्हतीच. स्टेशनापासून बसस्थानक चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण सामान असेल तर रिक्षा करावी. स्थानकाबाहेर पोहे आणि चहा मिळतो. चहा फार गोड. पालमची बस गंगाखेडवरून जाते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्याने शंभराच्या नोटेत भागतं. खिडकीची जागा डाव्या बाजूला घ्यावी. सूर्य त्या बाजूने वर येतो.

पोखर्णीच्या पुढे धुकं पातळ झालं. दोन्हीकडे काळी जमीन, तिच्यावर कापसाच्या वाळत्या पऱ्हाट्या, मधेच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. गंगाखेडला गोदावरीचा पूल लागला तेव्हा खाली नदी नव्हती. पांढरं काहीतरी होतं, आणि त्यात एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ओंजळ वर करत होता. बस पुढे गेली. तो अजून ओंजळ धरून उभा असेल असं मला दिवसभर वाटत राहिलं.

पालमच्या स्थानकावर महानंदा स्कूटर घेऊन उभी होती. बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं. आठवडाभर ती एकटी शेतात राखणीला बसत होती.

"आधी वनरक्षकाकडे," ती म्हणाली. "मग घरी."

वनरक्षक हॉटेलात भेटला. धनुष्याची पेटी त्याने उघडून पाहिली आणि लगेच मिटली.

"मॅडम, कागदात बंदूक म्हणलंय. बाणाचं आजपर्यंत कुणी इचारलंच न्हाई."

"मग आता विचारा की," महानंदा म्हणाली.

"इचारतो की. सायबांच्या कानावर घालतो. लेखी आल्याबिगर बाण सोडायचा न्हाई. पेटीत ऱ्हाऊ द्या."

"आणि डुकरं? त्यांना सांगता का थांबायला?"

"माझं कुणी ऐकलं असतं तर माझी बदली इथं झाली असती का?" तो हसला आणि चहाचे पैसे देऊ लागला. महानंदाने देऊ दिले नाहीत.

घर गावाच्या कडेला, सिमेंटचं, साधं. सासूबाई दारात तुरीच्या शेंगा निवडत होत्या. त्यांचं नाव गिरजाबाई. महानंदा त्यांना आत्याबाई म्हणते, मीही तेच म्हणू लागले. कपाळावर भस्माच्या तीन रेघा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"हीच का ती शिकारीण?"

"मैत्रीण आहे माझी, आत्याबाई."

"मैतरीण असंल. जेवली का न्हाई, ते इचार."

भाकरी, ठेचा, वरण, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. एवढं साधं जेवण इतकं पुरेसं असतं हे मी पुण्यात विसरते.

दुपारी शेतावर गेलो. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. कणसं अजून हिरवट, दाण्यात दूध भरत आलेलं. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुके आणि परत येताना थोडा उशीर करी. बांधावर जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या, जांभळ्या, मोरपंखी, एक लग्नाची असावी अशी. तळाशी न्हाव्याच्या दुकानातून आणलेले केस पसरले होते. केस हुंगले की डुक्कर ठसकतं आणि मागे फिरतं, असं म्हणतात.

"फिरतं का?" मी विचारलं.

"पहिले चार दिवस. मग त्यांनाही सवय झाली," महानंदा म्हणाली. "झटका मशीनही लावली होती, तारेत करंट सोडणारी. बॅटरी बसली."

मग तिने मला आतली बाजू दाखवली. पूर्वेच्या कोपऱ्यात ज्वारी आडवी पडली होती. ताटं मोडलेली, कणसं चघळून टाकलेली. जवळजवळ तिसरा हिस्सा. बांधाला तिथे एक खिंडार होतं आणि पलीकडे तुरीचं शेत.

तुरीतून एक गृहस्थ आले. डोक्याला मफलर, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. हे साळवे गुरुजी, निवृत्त शिक्षक. बांधापलीकडचं शेत त्यांचं.

"डुकरं आमच्या तुरीतून येतात आणि तुमच्या ज्वारीत जेवतात," ते मला म्हणाले. "आम्ही नुसता रस्ता. रस्त्याला कोण विचारतं?"

"गुरुजी, तुमच्याकडून खिंडार बुजवा की," महानंदा म्हणाली.

"बुजवलं असतं. पण दगड कुणाच्या हद्दीतला, यावर गिरजाकाकू तहसीलपर्यंत जातील."

महानंदा हसली नाही. नंतर चालता चालता तिने सांगितलं. बांध कोणाचा यावरून दोन्ही घरांत जुनी धुसफूस आहे. आत्याबाई त्या घरचं पाणी पीत नाहीत आणि त्यांना काही देतही नाहीत. कारण विचारलं तर बांध म्हणतात. "पण नुसता बांधच आहे का, ते तू समजून घे," ती म्हणाली. गुरुजींचं घर बौद्ध आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात मी एकटीच शेताकडे गेले. हात रिकामे. लेखी काही आलेलं नव्हतं. खिंडाराजवळ बाभळीखाली उभी राहिले. दहा पावलांच्या पुढे काही दिसत नव्हतं. दव ज्वारीच्या पानांवरून ठिबकत होतं आणि त्या आवाजातून हळूहळू दुसरा आवाज वेगळा झाला. कुणीतरी शांतपणे चघळत होतं.

ती धुक्यातून बाहेर आली तेव्हा आधी रंग आला, मग आकार. पुढे एक मोठी मादी, मागे दोन अर्धवट वाढलेली. अंगावर काळी माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. चिखलात लोळून आलेलं काळ्या रानातलं डुक्कर म्हणजे जमिनीचाच एक तुकडा, चार पायांवर. मादी थांबली. माझ्याकडे तिची पूर्ण बाजू होती. पुढचा पाय किंचित पुढे. मला ती जागा दिसली. पायाच्या मागे, खालच्या तिसऱ्या भागात, भेगांनी आखून दिलेली हाताएवढी जागा. माझी बोटं नसलेल्या दोरीवर वाकली. मी श्वास अर्धा सोडून थांबवला, मैदानावर थांबवते तसा. मग ती तुरीत गेली आणि धुकं तिच्यामागे मिटलं.

मला भीती वाटली नाही. इतकं स्वच्छ मला बऱ्याच दिवसांत काही दिसलं नव्हतं.

पण परत येताना मनात प्रश्न ती मारावी का हा नव्हता. ती वाळलेली माती होती. खांद्याच्या चिवट थराबद्दल मला ठाऊक होतं. काळ्या मातीच्या कवचाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. ही माती वाळली की विटेसारखी होते. तिच्यातून कोणतं पातं जाईल?

महानंदाला हे सांगितलं. तिने दोन पोत्यांत ओला भुसा गच्च भरला. त्यावर जुन्या ट्यूबचं रबर दुहेरी गुंडाळलं, तो खांद्याचा थर. वरून शेतातला काळा चिखल हाताने लिंपला, भिंत सारवतात तसा. पोती उन्हात ठेवली. दुपारपर्यंत चिखल वाळून भेगाळला. आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या.

"पोत्याला लिंपायलीस व्हय गं? घराची भिंत ऱ्हायली की."

"परीक्षा आहे, आत्याबाई."

"कुणाची?"

महानंदाने पोतं उन्हाकडे वळवलं.

वीस पावलांवरून मी तिन्ही टोकं सोडली. धनुष्याबद्दल बोलणारे वाचक मला विचारतील म्हणून लिहिते. उघडणारी पाती मातीवर आपटताच उघडली. रबरापर्यंत जाईस्तोवर बाणाचा जोर सरला आणि तो लोंबकळत राहिला. एक पातं वाकलं. तीन पात्यांचं टोक मातीतून गेलं, रबरात रुतलं आणि थांबलं. ओढून काढायला दोघी लागल्या. दोन पात्यांचं, जाड, जड टोक मातीची एक ढलपी उडवून रबरातून, भुशातून पार गेलं आणि मागच्या बाजूला चार बोटं बाहेर आलं. पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मऊ जमिनीवर, हलक्या प्राण्यासाठी दुसरी पाती बरी असतीलही. काळ्या मातीत लोळलेल्या डुकरासाठी दोन पाती, न हलणारी, जड बाण, आणि धार अशी की अंगठ्याच्या नखावर ठेवली तर घसरू नये. तेही प्राणी थोडा पाठमोरा वळलेला असेल तेव्हाच.

मी ते टोक पुसलं आणि दगडावर पुन्हा धार काढत बसले. पातं दगडावरून एका लयीत जात होतं. दुपार सरकत होती. आत्याबाई ओसरीवरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"इळ्याला अशीच धार काढावं लागती," त्या म्हणाल्या. "तू चांगली काढायलीस."

"तुम्हाला चालेल का, आत्याबाई? मी मारलं तर?"

"मला कशाला इचारतीस? उद्या येळवस हाय. उद्या बोलू."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मराठवाड्याच्या या भागात त्या दिवशी गाव मोकळं पडतं आणि माणसं शेतात असतात. कुणी ओळखीचं असेल तर या दिवशी नक्की जा. ओळख नसेल तरी रस्त्याने चाललात तर कुठल्यातरी शेतातून जेवायला हाक येते. नाही म्हणू नये.

सकाळी आम्ही डोक्यावर पाट्या घेऊन शेतात गेलो. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप केली. आत पाच दगड मांडून चुन्याने रंगवले. ते पांडव. नैवेद्याला बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, मडक्यात ताकातली आंबील, आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. रानातल्या सगळ्या शेंगा, पालेभाज्या, बेसन घालून शिजवलेला हिरवा, दाट पदार्थ. मी तीन वेळा घेतला.

जेवणाआधी चर शिंपतात. आंबिलीचं मडकं घेऊन शेताला पूर्ण फेरी घालायची आणि आंब्याच्या डहाळीने बांधाबांधाने ती शिंपडत जायचं. किडामुंगी, पाखरं, जनावरं, शेतात जे जे म्हणून आहे त्याला जेवायचं आवतण. एरवी हे महानंदाचा नवरा करतो. यंदा त्याला रजा नव्हती. मडकं महानंदाने घेतलं. डहाळी आत्याबाईंनी माझ्या हातात दिली.

"मी?"

"पाव्हण्यानं शिंपलं की जनावर लवकर येतं. जा."

आम्ही निघालो. दव वाळलं होतं. शेजारच्या शेतांतून आरोळ्या येत होत्या, धूर येत होता. मी डहाळी बुडवून शिंपडत होते. आंबिलीचे पांढरे थेंब काळ्या मातीवर पडत आणि क्षणभर तसेच राहत. पूर्वेच्या कोपऱ्यात, खिंडारापाशी आलो तेव्हा आत्याबाईंनी लांबून हाक दिली.

"तिथं जरा जास्ती शिंप गं माय."

मी ओंजळभर शिंपडलं. पलीकडून साळवे गुरुजी बघत होते. त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

जेवणं झाली. महानंदाचा फोन वाजला. वनरक्षक होता. साहेबांनी हो म्हटलं होतं. वनरक्षकाच्या समक्ष आणि फक्त या शेतात, एवढी अट. कागद घेऊन तो संध्याकाळी येतो म्हणाला. इतरत्र असा होकार मिळेलच असं मी सांगू शकत नाही.

महानंदाने फोन ठेवला. तिच्या चेहऱ्यावर मी आल्यापासून पहिल्यांदा रंग आला. "दिवस मावळायच्या आधी बाभळीपाशी बस," ती म्हणाली. मी पेटी उघडली. दोन पात्यांचं टोक बाणाला फिरवून बसवलं.

"आता मारता येत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. त्या कोपीत बसून पांडवांपुढचा नैवेद्य आवरत होत्या.

"का?" महानंदाने विचारलं.

"चर शिंपली. खिंडारापाशी हिनंच शिंपली, माझ्या डोळ्यांदेखत. ज्याला जेवायला बलावलं त्याला ताटावर मारायचं व्हय? पीक निघंपस्तोर या रानात रगत सांडत न्हाई."

"तुम्ही मुद्दाम दिलीत डहाळी हिच्या हातात."

"दिली. मग?"

महानंदा उभी राहिली. तिचा आवाज मोठा झाला नाही. "आठ दिवस मी झोपले नाही, आत्याबाई. तिसरा हिस्सा गेला. तुमच्या माहेरची ज्वारी आहे, माझ्या नाही. एक कणीस राहिलं नाही तर दोष कुणाचा? चर शिंपणाऱ्याचा?"

"देवाची मर्जी."

"देव राखणीला येतो का रात्री?"

मी मांडीवर धनुष्य घेऊन बसले होते. खरं सांगायचं तर आत्याबाई हराव्यात असं मला वाटत होतं. त्या सकाळची हाताएवढी जागा अजून माझ्या डोळ्यांपुढे होती. पातं निवडलं होतं, धार काढली होती. ते आता नुसतं पातं राहिलं नव्हतं. त्याला जायचं होतं. पण माझ्या बोटांना आंबिलीचा आंबूस वासही येत होता. मी हातातला बाण बाजूला ठेवला. "मी नाही मारणार," मी महानंदाला म्हणाले. "मी बोलावलंय त्यांना."

महानंदाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी एकदम परकी झाले. मग ती सासूकडे वळली.

"ठीक. मारू देत नाही ना? मग वाटू द्या."

"काय वाटू?"

"बी. निघेल तेवढ्या ज्वारीचं बी पाच घरांत द्यायचं. आजच सांगायचं त्यांना. ज्यांना बी मिळणार ते राखणीला येतील. एका घरानं राखून राहात नाही, हे दिसायलंय तुम्हाला."

त्या ज्वारीचा दाणा पेरणीला दुसऱ्या घरात कधी गेला नव्हता. लेकींनी मागितला तरी आत्याबाईंनी भाकरीचं पीठ बांधून दिलं, बी दिलं नाही. हे मला महानंदानेच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"माझ्या माघारी वाट," आत्याबाई म्हणाल्या.

"तुमच्या माघारी काय राहील वाटायला?"

आत्याबाईंनी एक उंडा उचलला, मोडला, परत ठेवला. पदराने डोळे पुसले की कपाळ, ते कळलं नाही.

"ज्यानं घेतलं त्यानं सोयाबीन पेरलं मग?"

"पाचांतला एक तरी राखील."

"आमच्या आईनं ओटीत घातली ती," त्या म्हणाल्या. हे त्या कुणाला उद्देशून म्हणत नव्हत्या. मग एकेक नाव घेऊ लागल्या. गावातच दिलेल्या धाकट्या लेकीचं घर. वाण्याचं घर. पाटलाच्या विहिरीजवळची विधवा. अजून दोन. महानंदा बोटं मिटत होती.

"आणि गुरुजी?" तिने विचारलं. "डुकरं तिकडूनच येतात."

"बांधाच्या पल्याड न्हाई."

महानंदाने ताणलं नाही.

संध्याकाळी वनरक्षक कागद घेऊन आला. त्याला भज्जी वाढली. "मग बाण?" त्याने विचारलं. "न मारायचं ठरलं," महानंदा म्हणाली. "बरं झालं," तो म्हणाला, "पंचनामा लिहायला बसावं लागलं असतं." आणि दुसऱ्यांदा भज्जी घेतली. दिवस मावळताना दोन घरची माणसं डबे घेऊन आली. खिंडारापाशी शेकोटी पेटली. पलीकडे, तुरीच्या कडेला, आणखी एक शेकोटी दिसत होती. तिथे गुरुजी एकटे बसले होते आणि मधूनमधून डबा वाजवत होते.

चौथ्या दिवशी मी निघाले. महानंदा पालमपर्यंत सोडायला आली. वाटेत ती फार बोलली नाही. बस लागल्यावर म्हणाली, "तू मारलं असतंस तर मी तुला आयुष्यभर मानलं असतं. आता विचार करावा लागेल." मग हसली. परतीला गंगाखेडला थांबून नदीवर जावं, वेळ असेल तर. मला वेळ होता, मी गेले नाही.

पुण्यात आल्यावर तीनही टोकं मी त्या तिरंदाजाला परत केली. त्याने विचारलं, कुठलं चाललं? मी सगळं सांगितलं. मातीचं सांगितलं, रबराचं, ढलपीचं. त्याला ते आवडलं. डुकराचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, वेळ आली नाही. हे खरं नव्हतं. वेळ आली होती, तेव्हा माझे हात रिकामे होते. मैदानावर आता श्वास अर्धा थांबवते तेव्हा कधीकधी कागदाच्या गोलावर धुकं येतं आणि भेगाळलेली काळी जमीन चार पायांवर उभी राहते. मी बाण सोडते. तो लागतो कुठेतरी. तेव्हा हातात धनुष्य असतं तर मी मारलं असतं का, ते मला अजून सांगता येत नाही, आणि मी स्वतःला विचारणं सोडलेलंही नाही.

सुगी झाल्यावर महानंदाचा फोन आला. निम्मं शेत राहिलं. कणसं लहान, पण दाणा भरलेला. पाच घरचे लोक काढणीला आले होते. आत्याबाईंनी बियाण्याची कणसं स्वतः निवडली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि पाच पेंढ्या बांधल्या.

"आणि डुकरं?"

"यायची. पोटभर नाही मिळालं, इतकंच. गुरुजी रोज बसले. आमच्या पाचांत नाव नसताना. एक दिवस चुकवला नाही."

"मग?"

"मग काय. पेंढ्या वाटून झाल्या. संध्याकाळी आत्याबाई सहावी बांधायला लागल्या. मी काही विचारलं नाही. घेऊन बांधापर्यंत गेल्या. गुरुजी तिकडं तूर झोडत होते. यांनी पेंढी बांधावर ठेवली आणि परत फिरल्या."

"पलीकडे गेल्या नाहीत?"

"नाही."

"आणि त्यांनी?"

"बराच वेळ बघत उभे राहिले. मग हात पुसले, आले, उचलली." महानंदा पुढे म्हणाली, "दोघं एक शब्द बोलले नाहीत. पण पेंढी ठेवली होती बरोबर बांधाच्या मधोमध. या दोन घरांत मधली रेघ कुठं, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा ठरलं."